मोजणीला माणूस का मिळत नाही?

परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलंय: ‘हद्द कायम मोजणीचे पैसे भरून बसलोय. तारीख मिळाली, ती टळली. दुसरी मिळाली, तीही टळली. कार्यालयात विचारलं की म्हणतात, माणूसच नाही. इकडं माझा पुतण्या सिव्हिलचा डिप्लोमा करून पुण्यात बिल्डरच्या साईटवर सळया मोजतोय. एकीकडं माणूस नाही, दुसरीकडं पोरांना धड काम नाही, हे कसं? आता परवानाधारक खासगी भूमापक येणार म्हणतात, त्यानं फरक पडेल का? आणि पोरानं या लाईनीत यावं का?’

मी बीड-लातूर पट्ट्यात हेच काम करतो. सुरुवात रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या सर्व्हेनं झाली. पुढं हद्दीची कामं जास्त यायला लागली: प्लॉटिंग, भावकीच्या वाटण्या, कोर्टातल्या दाव्यात वकिलांना नकाशा समजावून देणं. सरकारी नोकरी कधी केली नाही, पण सरकारी मोजणीच्या दिवशी कुणा ना कुणाच्या बाजूनं बांधावर उभा असतोच. त्यामुळं दोन्ही बाजू जवळून बघायला मिळाल्या. उत्तर लांबणार आहे.

या लाईनीत दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हीकडची टंचाईही वेगळी आहे. एक काम बांधकामाचं. कागदावरचा रस्ता, रेल्वे, कालवा जमिनीवर उतरवायचा, लेव्हल द्यायच्या, खोदाई-भराईचा हिशोब काढायचा. मराठवाड्यात गेल्या दहा वर्षांत हे काम कधी नव्हे इतकं आलं. समृद्धी महामार्ग जालना-संभाजीनगरातून गेला, आता जालना-नांदेड जोडरस्ता आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग कित्येक वर्षं रखडून अखेर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीडपर्यंत गाडी घेऊन आला. शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत, बीड-धाराशिवच्या माळावरच्या पवनचक्क्या, जागोजागचे सौर प्रकल्प. या साईटवर मला भेटलेले बरेचसे सर्व्हेअर बंगाल, झारखंड, ओडिशाकडचे. आपली पोरं कमीच. तरी इथं काम अडत नाही. कंपनी पगार देते, राहायला खोली देते, माणूस बाहेरून आणते.

दुसरं काम हद्दीचं. ते बाहेरून आणलेल्या माणसाला जमत नाही. यंत्र तेच, आकडेमोडही तीच, पण रेघ कुठून काढायची हे यंत्राला माहीत नसतं. ते टिपणात (जुन्या मोजणीच्या मापांच्या कच्च्या नकाशात) असतं, फाळणीत (पोटहिश्श्यांच्या नकाशात) असतं, गुणाकार बुकात (क्षेत्रफळाच्या हिशोबाच्या वहीत) असतं, गावाच्या शिवेवरच्या दगडात असतं आणि थोडंफार म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात असतं. तुमची तारीख टळते ती हा दुसरा माणूस कमी पडतो म्हणून.

एक साधं उदाहरण देतो. जुनं टिपण हातात घ्या. रेषेवर आकडा असतो, समजा ७-४. डिप्लोमा झालेला हुशार पोरगा तो सात पूर्णांक चार दशांश साखळ्या असा वाचतो. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. (म्हणूनच ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा.) एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. तेव्हा ७-४ म्हणजे सात साखळ्या चार आणे: २३१ फूट अधिक सव्वाआठ, एकूण २३९ फूट ३ इंच. दशांश समजून काढलं तर २४४ फुटांच्या वर जातं. फरक जवळजवळ पाच फुटांचा. आपल्याकडं धुऱ्यावरच्या पाच फुटांपायी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पोरगा बिनडोक नाही, गणितात माझ्यापेक्षा वरचढच असेल. त्याला हे कुणी कधी शिकवलंच नाही. वर्गात साखळी शिकवली ती गुंटरची, ६६ फुटांची, शंभर कड्यांची. तीही चित्रात.

मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडं आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. जमिनीची जुनी मोजणी आणि आकारणी निजामाच्या राजवटीतली. त्यामुळं सेतवार, वसूल बाकी, १९५४-५५ चं खासरा पत्रक, इनामाच्या जमिनीचा मुंतखब असे कागद समोर येतात, त्यातले कित्येक उर्दूत, काही मोडी लिपीत. नंतर जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरचे गट झाले. गट पाडताना झालेल्या चुका आजही बांधावर भांडतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे आधी शोधावे लागले, हे सगळ्यांनी पाहिलं. मोजणीतल्या लोकांना त्यात नवल वाटलं नाही. आम्ही ते रोज भोगतो.

आता, हा माणूस पूर्वी कसा तयार व्हायचा? साखळी धरून. जुन्या मोजणीत एकट्यानं काही होतच नव्हतं. साखळी ओढायला दोघं, झेंडी धरायला एक, शंकू लावायला एक, लिहून घ्यायला एक. साखळीच्या शेवटाला उभा असलेला पोरगा चार-पाच हंगामांत सगळं शिकून जायचा. भूकरमापकानं, म्हणजे सरकारी मोजणीदारानं, कुठला दगड आधी शोधला, नाल्याच्या कडेवर भरवसा का ठेवला नाही, दोन भावांपैकी कोण खरं बोलतंय हे कशावरून ओळखलं, हे त्याच्या डोळ्यांदेखत व्हायचं. माझे उस्ताद असेच. निवृत्त झाल्यावर खासगी कामं करायचे. त्यांच्या हाताखाली मी टेप धरली, प्रिझम धरला, त्यांची पिशवी धरली.

मग टोटल स्टेशन, म्हणजे समोरच्या प्रिझमवर रोखून कोन आणि अंतर एकदम मोजणारं यंत्र, आलं, तेव्हा दोन माणसांत काम व्हायला लागलं. आता रोव्हर आला. काठीवर डबी, हातात मोबाईलएवढं यंत्र, आकाशातले उपग्रह आणि उपग्रहाचं मोजमाप दुरुस्त करून देणारी भारतीय सर्वेक्षण विभागाची महाराष्ट्रातली ७७ कॉर्स केंद्रं, एवढ्यावर एकटा माणूस गट मोजून येतो. रोव्हर चांगलाच आहे, मी स्वतः वापरतो, त्याच्याशिवाय आता चालणार नाही. पण त्यानं जी माणसं वाचवली त्यांत शिकणारा पोरगाही वाचवला, म्हणजे काढून टाकला. माझ्या मते आजच्या टंचाईचं मूळ इथं आहे. पदं रिकामी आहेत हे वरवर दिसतं. खालची गोष्ट अशी की शिकायची जागाच उरली नाही, आणि ती गेली तेव्हा कुणी हूं का चूं केलं नाही, कारण कागदावर ती कधी नव्हतीच. साखळी ओढणाऱ्याला कुणी विद्यार्थी म्हणत नव्हतं.

भरतीकडं बघा. २०२५ च्या ऑक्टोबरात भूकरमापकांच्या ९०३ जागा निघाल्या, त्यांत छत्रपती संभाजीनगर विभागाला २१०, कोकणाच्या खालोखाल सगळ्यात जास्त. जागा निघाल्या हे बरंच झालं. पात्रता सिव्हिलचा डिप्लोमा, किंवा दहावी आणि आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड, वर टायपिंगचं सर्टिफिकेट. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन. मोजणीवर प्रश्न नाही. म्हणजे बांधावर उभं राहून भांडण सोडवायच्या नोकरीसाठी आपण पोराला समानार्थी शब्द विचारतो. जो निवडून येतो तो परीक्षेत पटाईत असतो, आणि परीक्षेत पटाईत असलेला पुढची परीक्षा देतच राहतो. जलसंपदा किंवा बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागला की वर्ष-दीड वर्षात राजीनामा. त्याला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. पण त्याला शिकवण्यात गेलेला हंगाम गेला तो गेला.

हंगामाचं जरा समजून घ्या, कारण बाहेरच्यांना हे लक्षात येत नाही. आपल्याकडं मोजणीचे दिवस मुळात थोडे. पावसाळ्यात काळीत पाय टाकता येत नाही. पुढं कापूस आणि तूर उभी. त्यातून रेघ ओढायची म्हणजे पीक तुडवायचं, कुणी तुडवू देत नाही. ऊस तर बाराही महिने. रान मोकळं होतं माघाच्या सुमारास, आणि चैत्र-वैशाखात दुपारी अकरानंतर उभं राहवत नाही. शिकाऊ पोराला वर्षाकाठी नीट बघायला मिळतात त्या हद्दी मोजक्याच. म्हणून तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात रोव्हर चालवणारा तयार होतो. हद्द कायम करणारा तयार व्हायला दोन-तीन हंगाम लागतातच, मग तो कितीही हुशार असो.

रोव्हर आणि हद्द यांतला फरक एका प्रसंगावरून सांगतो. केज तालुक्यात एका गटाचं काम होतं. दोन चुलतभाऊ, मध्ये जुनी विहीर. एकानं आधीच खासगी मोजणी करून घेतलेली. करणारा पोरगा तयारीचा होता, यंत्र उत्तम, उपग्रहांची जोडणी पक्की, अचूकता दोन-तीन सेंटिमीटरची. त्यानं स्कॅन केलेला गाव नकाशा यंत्रात बसवून रेघ काढली. ती बरोबर विहिरीच्या मधोमध आली. दोघा भावांपैकी कुणालाच ती मान्य होईना. नकाशा बसवताना त्यानं धरलेली ठिकाणं होती रस्त्याचं वळण आणि ओढ्याचा कोपरा. रस्ता रुंद झालेला, ओढा एका पुरात सरकलेला. आकडा सेंटिमीटरपर्यंत बरोबर आणि नकाशा मात्र काही मीटर बाजूला.

माझ्याबरोबर उस्ताद होते, तेव्हा बरेच थकलेले. ते लिंबाखाली बसून एवढंच म्हणाले, “तीन गावांची शीव जिथं मिळती तितला दगड घावला का?” कुणी तिकडं गेलंच नव्हतं. गेलो. बाभळीच्या बुडाला नुसता उंचवटा. हातभर उकरल्यावर दगडाचं डोकं लागलं. काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यात दगड कलतो, खाली जातो, पण आपण होऊन शेजारच्या रानात जात नाही. त्याला हलवतो माणूस, नाहीतर जेसीबी. तरी एका दगडावर विश्वास ठेवायचा नसतो. दुसरा दगड गटाच्या वरच्या अंगाला मिळाला, तिसरी खूण शेजारच्या गटाच्या जुन्या फाळणीत दाखवलेली. तिन्हींमधली अंतरं मोजली, टिपणाशी ताडून पाहिली, जुळली. मग त्याच रोव्हरनं, त्याच पोराच्या हातून रेघ काढली. विहीर पूर्ण धाकट्याच्या बाजूला गेली. थोरला दिवसभर बोलला नाही, पण सही केली, कारण दगड त्याच्यासमोर निघाला होता.

त्या पोराला त्या दिवशी जे कळलं ते कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं. आणि तो तिथं होता हा निव्वळ योगायोग.

परवानाधारक भूमापकांचा तुमचा प्रश्न. सरकारनं २०२५ मध्ये हे धोरण जाहीर केलं: मोजणी परवानाधारक खासगी माणूस करणार, तपासून प्रमाणित करणार भूमी अभिलेख खातं, आणि काम तीस दिवसांत व्हावं ही अपेक्षा. मी याच्या बाजूनं आहे. कर्नाटकात हे बरीच वर्षं चालू आहे. उदगीर-देगलूरकडच्या ज्यांचं सोयरिक-नातं बीदरला आहे त्यांना ठाऊक आहे की तिकडं जमिनीचा तुकडा विकायचा तर आधी परवानाधारकाकडून नकाशा करून घ्यावा लागतो. आपल्याकडंही ‘आधी मोजणी, मग खरेदीखत, मग फेरफार’ असं आता बोललं जातंय. तसं खरंच झालं तर मोजण्या कितीतरी पटीनं वाढतील. त्यात एकत्र कुटुंबाच्या वाटणीची पोटहिस्सा मोजणी २०० रुपयांत करून दिल्यानं घरोघरच्या तुंबलेल्या वाटण्या बाहेर पडायला लागल्यात. चांगलीच गोष्ट आहे. पण मोजायला येणार कोण?

परवान्यानं माणसांची संख्या वाढेल. कसब आपोआप वाढणार नाही. परवाना नुसती लेखी परीक्षा आणि पदविका बघून दिला, तर जो गोंधळ आज कार्यालयात आहे तो उद्या चौकातल्या दुकानात येईल. शिवाय खासगी माणसाला मोजणीमागं पैसे मिळणार. दिवसाला तीन मोजण्या केल्या तर जास्त कमाई, उकरून दगड शोधत बसला तर कमी. मी म्हणेन, परवाना देताना एकच गोष्ट कडक ठेवा: उमेदवारानं जाणत्या माणसाच्या हाताखाली किती आणि कोणत्या हद्दी केल्या त्याची नोंदवही. त्यात हद्द कायम हवी, पोटहिस्सा हवा, कोर्ट कमिशनचं, म्हणजे कोर्टाच्या आदेशानं झालेलं, एखादं काम हवं, आणि निमताना मोजणीला निदान हजेरी हवी. निमतान्यात पहिल्याची मोजणी दुसरा तपासतो. आपली रेघ दुसऱ्यानं तपासताना बघणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी शाळा. तोंडी परीक्षा वर्गात नको, रानात घ्या. टिपण हातात द्या आणि म्हणा, शोध दगड.

शिकवणार कोण, हेही विचाराल. गावोगाव निवृत्त भूकरमापक, निमतानदार, शिरस्तेदार बसलेत. पासष्टीचे, सत्तरीचे. सकाळी पेपर वाचतात, नातवाला शाळेत सोडतात. त्यांच्या डोक्यात एकेका तालुक्याचे दगड आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, बावन्न गावं नव्या जागी वसवली तेव्हा नवीन गावठाणं आखण्यात जी माणसं राबली त्यांतलीही काही आहेत. एवढी घरं, रस्ते, चौक कोऱ्या रानात उतरवायचा अनुभव आजच्या कुठल्या इंजिनिअरला मिळणार? त्यांना मानधन देऊन हंगामात तालुक्याला एक माणूस जोडला तरी पुष्कळ होईल. दहा वर्षांनी ही सोय राहणार नाही. मला यात सगळ्यात जास्त घाई वाटते, यंत्रखरेदीपेक्षाही.

पैसे कुठून आणायचे? डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,०००. द्रुतगतीच्या फीमधून एका शिकाऊ पोराची दिवसाची रोजी सहज निघेल. म्हणजे प्रत्येक मोजणीला रोव्हरवाल्याबरोबर दुसरा पोरगा जाईल, पगारी, नोंदवही घेऊन. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे आणि सर्व्हेअर हा ट्रेड त्यात बसतो. नवीन कायदा लागत नाही. आम्हा खासगी लोकांनाही यातून सुटका नको. मजूर अड्ड्यावरून आणलेल्या माणसाच्या हातात प्रिझम देतो आणि संध्याकाळी पाचशे टेकवतो, त्याऐवजी आयटीआयचा पोरगा घ्यायला आमचं काय जातं? थोडा वेळ जातो. तो शिकून शेजारी दुकान टाकेल ही भीतीही असते, खोटं कशाला बोलू. टाकू द्या की. कामं पुरून उरतील.

कॉलेजांनीही अंग झाडून चालणार नाही. पॉलिटेक्निकात सर्व्हेचं प्रॅक्टिकल म्हणजे आवाराला फेरी मारायची, दरवर्षीच्या पोरांनी मोजलेल्याच इमारती मोजायच्या, गेल्या वर्षीच्या वहीतले आकडे उतरवायचे. क्लोजिंग एरर आली, म्हणजे फेरी सुरू केली तिथंच येऊन मिटली नाही, तर आकडा फिरवून शून्यावर आणायचा. यातून पोरगं पहिली गोष्ट शिकतं ती चूक लपवायची. त्यापेक्षा कॉलेज ज्या गटात उभं आहे त्याचंच टिपण भूमी अभिलेख कार्यालयातून काढा आणि पोरांना म्हणा, आपल्या कॉलेजची हद्द दाखवा. चार दिवसांत कळेल कोण सर्व्हेअर होणार आहे. मोडी लिपीचे छोटे वर्ग ठिकठिकाणी चालतात, तिथं सिव्हिलची पोरं बसवली तर कुणाचं काही बिघडणार नाही.

मुलींबद्दल. डिप्लोमाला मुली भरपूर आहेत, पण त्या ऑफिसात ऑटोकॅडवर बसतात आणि बांधावर मुलगा जातो. कारणं ठाऊक आहेत: गाडी नाही, आडरानात सोय नाही, भांडणात शिव्यागाळी होते. माझ्याकडं दोघी होत्या. दोघींना एकत्र पाठवत होतो, गाडी देऊन. शिव्यागाळीचं म्हणाल तर ती कमीच झाली. बाईमाणसापुढं थोरलाही जरा आवरतो. अर्धा वर्ग घरात बसवून टंचाईची ओरड करण्यात अर्थ नाही.

आता पुतण्याचं. यावं का? त्याला उन्हाचा आणि भांडणाचा कंटाळा नसेल तर यावं. पहिल्या दोन-तीन वर्षांत पुण्यातल्या सळयांपेक्षा पैसे जास्त मिळतील असं मी म्हणणार नाही, बहुधा कमीच मिळतील. पुढं मात्र ज्याच्या रेघेवर गाव विश्वास ठेवतं त्याला काम शोधत फिरावं लागत नाही.

आल्या आल्या यंत्र घेऊ देऊ नका. टोटल स्टेशन काही लाखांचं असतं, रोव्हरही महाग. बँकेचा हप्ता डोक्यावर असलेला पोरगा घाईत मोजतो, आणि घाईत मोजलेली हद्द कोर्टात जाते. यंत्र भाड्यानं मिळतं. आधी वर्षभर रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या साईटवर कंपनीत लागू दे. तिथं हात बसतो: ऑटोलेव्हलची लेव्हल मिळवायची, ट्रॅव्हर्स बंद करायचा, रोजचा हिशोब रोज लिहायचा. संध्याकाळी थकून आल्यावरही आकडे पुन्हा तपासायची सवय लागते. मग दोन हंगाम हद्दीवाल्या माणसाजवळ. पगार विचारू नये असं नाही, विचारावाच, पण थोडा कमी असला तरी त्याच माणसाजवळ राहावं. टिपण, फाळणी, गुणाकार बुक, कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची नोंद) हे रोज वाचावं. जमीन महसूल अधिनियम १९६६ मधलं हद्दींचं प्रकरण आणि १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा एकदा शांतपणे वाचून काढावा. वकील व्हायचं नाही, पण बांधावर कुणी कायद्याचं नाव घेऊन दम दिला तर गांगरायला नको.

आणि वागणं. हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही. मोजणीच्या दिवशी डबा आणि पाणी आपलं. ज्यानं अर्ज केला त्याच्या घरी चहा घेतला की शेजारच्याच्या लेखी रेघ तिथंच वाकडी झाली. लगतच्या धारकांना नोटीस पोचली का हे आधी बघायचं. जो आलेला नाही त्याच्या बाजूची खूण त्याच्या माघारी ठोकायची नाही. म्हातारी माणसं बोलत असताना वही बंद ठेवायची, ऐकून घ्यायचं, मग कागदाशी ताडायचं. आवाज चढवायचा नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला गावोगाव विरोध झाला तेव्हा लोकांचा राग सरकारवर होता, पण समोर उभा होता मोजणीवाला. असे दिवस येणार हे धरून चालायचं. अशा वेळी यंत्र बंद करून सावलीत बसायचं, वरिष्ठांना कळवायचं. मर्दुमकी दाखवायची नाही.

राहिली तुमची तारीख. ती मी लवकर आणू शकत नाही, पण मिळाली की वाया जाणार नाही एवढं करता येईल. तुमच्या गटाचं टिपण, फाळणी आणि गाव नकाशा यांच्या नकला भूमी अभिलेख कार्यालयातून आत्ताच काढून ठेवा, एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर कोणता होता तेही शोधा. लगतच्या गटांच्या नकलाही मागा. पुष्कळदा आपला दगड शेजाऱ्याच्या कागदात सापडतो. धुऱ्यावरची झुडपं तोडून घ्या, म्हणजे आलेला माणूस दिवस घालवणार नाही. शेजाऱ्याला तारीख स्वतः जाऊन सांगा, नोटिशीवर सोडू नका. शिवेचा दगड कुठं आहे असं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा, पण उकरू नका. तो सगळ्यांसमोर, मोजणीच्या दिवशीच निघाला पाहिजे. मोजणी झाल्यावर क प्रत, म्हणजे मोजणीचा प्रमाणित नकाशा, घेतल्याशिवाय विषय संपला असं समजू नका, आणि रेघ पटली नाही तर निमताना मोजणीचा रस्ता आहे, कुऱ्हाडीचा नाही.

त्या दिवशी पुतण्याला रजा काढून बोलवा. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.